उष्टी फुंकणी

आमच्या कारखान्यात काच फुंकतात. कारखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धुराडी आणि भोंगे येतात, म्हणून आधीच सांगते: एक अंगण, अंगणाच्या एका बाजूला भट्टी, समोर माझी पॅकिंगची खोली, आणि टोकाचा जिना चढून गेलं की माझ्या थोरल्या दिरांची, म्हणजे भावजींची, राहायची खोली. बस्स, एवढाच आमचा पसारा. भट्टीवर हुकूम भावजींचा. माझ्या नवऱ्याला धग सोसत नाही, म्हणून ते टेम्पो चालवतात आणि माल पोचवतात. मी तो माल कागदात आणि पेंढ्यात गुंडाळते. नीट पोचला तर शाबासकी त्यांना, फुटला तर बोलणी मला.

आम्ही बनवतो ते मोठ्या पोटाचे, अरुंद गळ्याचे बुधले. औषधं बनवणारे त्यांत अर्क भरून ठेवतात. एवढा बुधला एका माणसाच्या दमात होत नाही. लांब लोखंडी फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फिरवत फिरवत फुंकायचं, आणि पहिल्याचा दम संपला की दुसऱ्याने त्याच फुंकणीला लगेच तोंड लावायचं. काच वाट बघत नाही. जरा रेंगाळलात की थंड पडते, फिरवायची थांबलात की लोंबते. त्यामुळे फुंकणी पुसत बसायला वेळच नसतो. हे झालं कामाचं कारण. पण कामाचं कारण दोन पिढ्या टिकलं की त्याचा मान होऊन बसतो. आमच्याकडे फुंकणी पुसून तोंडाला लावणं म्हणजे देणाऱ्याला परका म्हणणं, आणि पुसून देणं म्हणजे घेणाऱ्याला हाकलणं. उस्तादाने आपल्या ओठांतली फुंकणी काढून तशीच, उष्टी, तुमच्या हातात ठेवली की तुम्ही भट्टीचे झालात. त्याला ना हार लागतो, ना भाषण.

माझ्या मुलीला ती उष्टी फुंकणी हवी होती. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरलेली कुणी पाहिली नाही. भावजींना मूलबाळ नाही, जाऊबाई लवकर गेल्या, आणि ही पोर त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. शिकली, बाहेर चांगली नोकरी मिळत होती, ती सोडून भट्टीपाशी येऊन उभी राहिली. मी डोकं आपटून घेतलं. भट्टीचं दार उघडणं, चिमटे देणं, गोळा फिरवणं, सगळं तिने केलं. काम संपल्यावर उरलेल्या काचेवर आखूड फुंकणीने सराव करायची. गाल दुखायचे, पण तक्रार नाही. भट्टीपाशी मात्र नातं चालत नाही. तिथे भावजी पुतणीलाही चिमट्यासारखीच हाक मारत, म्हणजे लागेल तेव्हाच.

दुसरा दम होता मामांचा. मामा कुणाचेच मामा नाहीत, तरी सगळ्यांचे आहेत. भावजींच्या जोडीने त्यांनी आयुष्य काढलं, पण आता त्यांची छाती लवकर रिकामी व्हायला लागली होती. तिसरा लांब्या. तो तयार बुधला उचलून हळूहळू निववायच्या भट्टीत नेऊन ठेवतो. फुंकण्याच्या बाबतीत त्याचा आनंदच आहे, त्याचा सगळा दम उंचीत खर्च झालाय. म्हणजे मामांनंतर कोण, हे अंगणातल्या मांजरालाही ठाऊक होतं. फक्त भावजी काही बोलत नव्हते, आणि भिंगरी विचारत नव्हती. तिला ते मागून नको होतं.

अशात तो ताप आला. आधी दुसरीकडे होता, मग शेजारच्या गल्लीत आला, मग आमच्या गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरी. श्वासातून, थुंकीतून लागतो म्हणाले. पंधरवड्यात माणसांच्या चालीरीतीच उलट्या झाल्या. आम्ही राहतो त्या इमारतीत वर राहणारी दाताच्या डॉक्टरांची बायको जिन्यात मला पाहून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी घरी येऊन यांना सांगितलं, ही बया स्वतःला समजते कोण. चार दिवस मी तिचं नाव टाकलं होतं. पुढे कळलं की तिला खोकला होता आणि माझ्या अंगावर श्वास जाऊ नये म्हणून ती बिचारी भिंतीला चिकटली होती. मग आम्ही सगळेच एकमेकांना पाठ दाखवायला शिकलो. जो पाठ फिरवेल तो सभ्य, आणि जो हसत हसत जवळ येईल त्याला लोक दारातूनच वाटेला लावायचे.

भट्टी बंद ठेवायची सोय नव्हती. औषधवाल्यांना बुधले कधी नव्हे इतके हवे होते. बाहेर तोंडाला फडकं बांधून यायचं आणि आत आल्यावर एकाच नळीला ओळीने तोंड लावायचं, असा आमचा कारभार. भावजींना हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण माझ्या खोलीची खिडकी भट्टीकडे उघडते, आणि मी काही आंधळी नाही. भावजींची मान वळली की लांब्या फुंकणी हळूच बनियनला घासायचा. त्याला तर ती फक्त तपासून बघायला तोंडाला लावायची असायची, तरी. मामा फुंकून झालं की घाम पुसल्यासारखं करून ओठ पुसायचे. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखं प्रत्येकाला वाटायचं की आपण केलेलं कुणी पाहिलं नाही, आणि दुसऱ्याने केलेलं मात्र काळजाला लागायचं. लांब्याने फुंकणी पुसलेली मामांना एकदा दिसली, तेव्हा ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. स्वतःची बाही तोवर ओठ पुसून पुसून मळली होती, ते सोडा.

आरोग्य खात्याची एक बाई येऊन गेली. पोक्त होती, गोड बोलायची. प्रत्येकाला फुंकणीवर चढवायची पितळी टोपी दिली, आपापली वापरा म्हणाली. भावजींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ती गेल्यावर टोप्या खणात टाकल्या. टोपी चढवेपर्यंत काच थंड होते, म्हणाले. ते खरंही होतं. पण खरं कारण ते नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही.

सगळ्यांत मला नवल वाटलं ते भिंगरीचं. घरात तिने आमचं जगणं मुश्कील केलं होतं. यांना टेम्पोतून उतरल्यावर दारातच उभं करून हात धुवायला लावायची, माझा टॉवेल वेगळा, भांडी वेगळी. मी एकदा म्हटलं, तुला आता भट्टीपाशी दुसरा दम मिळाला तर काय करशील? ती म्हणाली, ती एक गोष्ट मी पुसणार नाही. शहाण्या माणसाचा एखादा कोपरा वेडा असतोच. मी तरी काय सांगणार होते? तिची सगळी वर्षं त्या एका क्षणाकडे बघत गेली होती.

तो क्षण एका साध्या सकाळी आला. मामांनी त्या दिवशी पहिले दोन बुधले कसेबसे पुरे केले आणि स्टुलावर बसून धापा टाकायला लागले. भावजींनी तिसरा गोळा घेतला. मी खिडकीतून बघत होते, हातात अर्धा गुंडाळलेला बुधला. भावजींनी फुंकायला सुरुवात केली, काच फुगली, त्यांचा दम सरला. त्यांनी मामांकडे पाहिलंच नाही. भिंगरीकडे पाहून मान हलवली.

ती पुढे आली. चेहरा असा झाला होता की मला वाटलं हिला आताच कडेवर घ्यावं, एवढी मोठी घोडी झाली तरी. भावजींनी ओठांतली फुंकणी काढली. आणि मग त्यांनी सदऱ्याचं टोक हातात घेतलं आणि फुंकणीचं तोंड पुसलं. चुकून नाही, सवयीने नाही. दाबून पुसलं, उलटवून सदऱ्याच्या कोरड्या भागाने पुन्हा पुसलं, आणि तिच्या हातात दिलं.

काच वाट बघत नाही, म्हणून भिंगरीने फुंकणी घेतली, तोंडाला लावली आणि बुधला पुरा केला. पुसण्यात गेलेल्या वेळामुळे त्याचं पोट एका बाजूला जरासं उतरलं होतं. लांब्या तो उचलून घेऊन गेला. तिने फुंकणी जागेवर ठेवली, माझ्या खोलीत आली आणि माझ्यासमोर बसून कागदाच्या घड्या घालायला लागली. भावजी जिना चढून आपल्या खोलीत गेले. भर दिवसा काम सोडून ते वर गेलेले मी कधी पाहिले नव्हते, पण तेव्हा हे लक्षात यायला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बाहेर मामा लांब्याला म्हणत होते की झालं, पुसून दिली, विषय संपला. हलक्या आवाजात म्हणाले, पण त्या अंगणात हलका आवाज जास्तच ऐकू येतो.

माझा संताप किती म्हणून सांगू. दिराशी मी आयुष्यात वरच्या पट्टीत बोलले नव्हते. त्या दिवशी सगळी बाकी भरून काढली. जिना चढून गेले तर दार आतून बंद. मी बंद दारालाच सुनावलं. म्हटलं, नको होती तर तिला बोलवायचं कशाला, चारचौघांत उभं करायचं कशाला? एवढं वाढवलंत ते असं तोडायला? लांब्यासारख्या लांब्याला तुम्ही उष्टी फुंकणी देता, आणि माझ्या पोरीला पुसून?

आतून आवाज आला तो दाराजवळून नव्हता, खोलीच्या पार टोकाकडून होता.

"दारापासून लांब हो आधी. सकाळी उठलो तेव्हाच घसा धरला होता. आता अंगही तापलंय."

मग डोक्यात दुसरंच आलं. मी विचारलं, "आणि मामा? मामांना सकाळी दोनदा फुंकणी दिलीत की तुम्ही."

मग म्हणाले, "त्याला पुसून दिली असती तर तो उद्या आला नसता. इतक्या वर्षांचा माणूस. त्याला कसं पुसून देऊ? हात उचललाच नाही गं."

"आणि पोरीला पुसून दिलीत तर ती येईल, असं वाटलं?"

"नाही वाटलं," भावजी म्हणाले. "तिला ताप येण्यापेक्षा ती रुसलेली परवडली."

मी पायरीवर बसले आणि पदराने डोळे पुसले. तोंडाचं फडकं तिथेच विसरून खाली आले. भिंगरीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती कागदाच्या ढिगात बसून आधी रडली, मग एकदम थांबली आणि म्हणाली, मामांना दिलीच कशी? एवढा राग मी तिच्या डोळ्यांत तिच्या स्वतःसाठीही पाहिला नव्हता. उठली, मामांना त्याच पावली घरी पाठवलं, घरच्यांपासून वेगळं झोपायला सांगितलं, आणि भावजींसाठी डॉक्टर बोलावला. दोन दिवसांत भावजींना दवाखान्यात न्यावं लागलं. मामांनाही ताप भरला, पण अंगावर निभावला.

भट्टी आता भिंगरी आणि लांब्यावर, शिवाय दुसऱ्या कारखान्यातून उसने आलेले दोन फुंकणारे. भिंगरीने खणातल्या पितळी टोप्या काढल्या, उकळल्या, आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने अडकवल्या. टोपी चढवायला लागणारा वेळ भरून काढायला गोळा आणखी तापवून घ्यायचा, असा तोडगा काढला. सगळं रीतसर. पण लांब्या अडून बसला. त्याचं म्हणणं साधं होतं: भावजींनी हिला पुसून दिली, म्हणजे भट्टीने हिला नाही म्हटलं, मग हिचा हुकूम मी का मानू? मनाने तो वाईट नाही. त्याला जे शिकवलं होतं तेच तो धरून बसला होता.

मी खिडकीतूनच त्याला म्हणाले, "बाबा रे, माझ्या दिरांनी आख्ख्या आयुष्यात एकदाच कुणासाठी फुंकणी पुसली. जिला पुसून दिली ती ताठ उभी आहे. ज्यांना उष्टी दिली त्यातला एक अंथरुणात आहे. आता तूच सांग, माया कुणावर केली?"

लांब्या विचारात पडला. तो विचार करायला लागला की वेळ लागतो, वरपर्यंत पोचायचं असतं. दुपारी जेवताना, बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसून, अगदी हिरमुसल्या आवाजात म्हणाला, म्हणजे आमची काळजीच नव्हती म्हणायची. मला हसू आवरेना. कालपर्यंत जो अपमान होता, त्याच्यासाठी आता हा रुसला होता. पण भिंगरी हसली नाही. त्याच्याजवळ न जाता, लांबूनच तिने त्याला समजावलं की काळजी होती, पण काळजी कशी दाखवायची ते काकांना तुमच्यापुढे सुचलं नाही. मान राखायला गेले आणि जीव धोक्यात घातला. लांब्याने टोपी गळ्यातून काढली, नीट बघितली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी फुंकणीवर चढवली.

मामा बरे होऊन आले ते गाल बसलेले आणि तोंड फुगलेलं घेऊन. स्टुलावर बसून त्यांनी सगळी हकिगत ऐकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं भावजींवर चिडतील, आणि त्यांना तो हक्क होता. पण ते इतकंच म्हणाले की मीही ओठ पुसत होतो, चोरून. दोघांनी उघड पुसलं असतं तर दोघंही वाचलो असतो. असं म्हणून ते उठले आणि भिंगरीसाठी गोळा घ्यायला भट्टीपाशी गेले. तोंड पुढे आठवडाभर फुगलेलंच राहिलं, पण गोळे मात्र तिला हवे तसे, लालबुंद मिळत गेले.

भावजी घरी आले तेव्हा ताप ओसरत चालला होता, सगळीकडचाच. जिन्यात माणसं पुन्हा एकमेकांकडे तोंड करून बोलायला लागली होती. भावजी निम्मे झाले होते. जिना चढताना मध्ये दोनदा बसायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की छाती पहिल्यासारखी होणार नाही. ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे, काम बघायचे आणि बोलायचे नाहीत. भिंगरी येता-जाता त्यांच्या अंगावरची शाल सारखी करायची. त्या दिवसाबद्दल दोघांत एक अक्षर झालं नव्हतं. मी मध्ये पडले नाही. माझ्यासारखीला गप्प बसायला काय लागतं ते माझं मला माहीत.

एक दिवस ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, मला एक गोळा द्या. डॉक्टरांनी कळवलं होतं की आता त्यांच्यापासून कुणाला काही धोका नाही, पण त्यांनाच फुंकायची मनाई होती. मामांनी भिंगरीकडे पाहिलं, तिने मान हलवली. मामांनी अगदी लहान गोळा दिला. भावजींनी फुंकणी ओठांना लावली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. काच लिंबाएवढी फुगली आणि तिथेच थांबली. त्यांनी पुन्हा जोर केला, ती हललीही नाही.

भावजींनी फुंकणी तोंडातून काढली. लाळेने ओली होती, मला खिडकीतून दिसत होतं. भिंगरीकडे वळून त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली, तशीच, न पुसता. ज्याच्यासाठी माझ्या पोरीने गाल सुजवून घेतले, बाहेरची नोकरी सोडली, ते शेवटी समोर आलं होतं. मामा उभे राहिले. लांब्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

भिंगरीने हात पुढे केला नाही.

"पुसून द्या, काका."

भावजींना कळेना. चेहरा एकदम पडला, त्यांना वाटलं हिला अजून राग आहे. म्हणाले, "अगं, आता काही नाही त्यात. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. डोळे भरले होते पण आवाज स्थिर होता. "तुमची उष्टी सगळ्यांना मिळाली. पुसून फक्त मलाच मिळाली होती. मला तशीच हवी."

तेव्हा कुठे त्यांना समजलं. त्यांनी सदऱ्याचं टोक शोधलं. शालीत ते सापडेना, मामांनी पुढे होऊन काढून दिलं. भावजींनी फुंकणीचं तोंड पुसलं, सावकाश, सगळ्या बाजूंनी, मग कोरडा भाग शोधून पुन्हा पुसलं. टोकाची काच तोवर लोंबून थंड पडत चालली होती. कुणीही त्यांना घाई केली नाही. पुसून झाल्यावर त्यांनी ती तिच्या हातात दिली. तिने काच परत भट्टीत धरून तापवली, फुंकणी ओठांना लावली आणि फुंकायला सुरुवात केली, आणि भावजी तिच्या शेजारी उभं राहून ती फिरवत राहिले.